मळी स्वस्त, धुणं महाग

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात कुठल्याही नव्या जैविक उद्योगाची चर्चा निघाली की पहिलं बोट मळीकडे जातं. शेजारी माळेगावचा कारखाना, एका अंगाला सोमेश्वर, दुसऱ्या अंगाला भवानीनगरचा छत्रपती. मळी एवढी मुबलक, तर तिच्यावर जे जे पोसता येईल ते ते इथंच व्हायला हवं, असं म्हटलं जातं. चेहऱ्यावर लावायच्या शीट मास्कसाठी जिवाणूंकडून विणून घेतात ते सेल्युलोज, व्यापारात ज्याला बायोसेल्युलोज म्हणतात, त्याच्याबद्दलही हेच ऐकू येतं. पणदऱ्याला एमआयडीसी आहे, नीरा-बारामती रस्ता हाताशी आहे, मळी आहे, मग अडतंय कुठं? हा धंदा इथं उभा राहावा असं मलाही मनापासून वाटतं. पण ज्याचा रोजचा संबंध जिवाणूंच्या ट्रेशी, अल्कलीच्या टाकीशी आणि धुण्याच्या पाण्याशी येतो, त्याला या म्हणण्यातली गफलत लगेच दिसते. या मालाची किंमत साखरेत अडकलेली नसते, ती धुण्यात असते. पणदऱ्यात काय उभं करायचं, कोणाला शिकवायचं, पैसा कुठं घालायचा, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरायला हवं.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. व्हिनेगर मुरत ठेवलं की त्यावर एक चिवट, लिबलिबीत थर धरतो. तो थर सेल्युलोजचा असतो आणि जिवाणू तो तयार करतात, हे एड्रियन ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं 1886 साली दाखवलं. त्या जिवाणूचं नाव पुढे बदलत गेलं. आज त्याला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणतात, जुनी माणसं अजून असिटोबॅक्टर झायलिनम म्हणतात. त्याला गोड, किंचित आंबट द्रव हवा, 28 ते 30 अंशांची ऊब हवी, वरून हवा हवी आणि शांतता हवी. ट्रे हलला की थराला घडी पडते, बुडबुडा अडकला की तिथं खळगा राहतो. दुधावर साय धरावी तसा हा थर द्रवाच्या पृष्ठभागावर धरतो, कारण प्राणवायू तिथंच मिळतो. नवी वीण हवेच्या बाजूला पडत जाते आणि जुना थर खाली सरकतो. तंतू इतके बारीक असतात की कापसाचा तंतू त्यांच्यापुढे दोरखंड ठरावा. या जाळीत पाणी अडकून राहतं, ओल्या शीटच्या वजनात सुमारे 99 टक्के पाणीच असतं. फिलिपीन्समध्ये नारळपाण्यावर हाच थर वाढवून, चौकोनी तुकडे करून पाकात घालून खातात. तो ‘नाता दे कोको’ तिथं 1949 सालापासून आहे आणि त्याचं श्रेय तेओदुला कलाव आफ्रिका या रसायनशास्त्रज्ञ बाईंना देतात. आपल्या देशात दक्षिणेत ‘मलाई’ नावाच्या उपक्रमानं वाया जाणाऱ्या नारळपाण्यावर हेच सेल्युलोज पोसून चामड्यासारखं साहित्य केलं आहे. म्हणजे वस्तू जुनी आहे, पिकवायला सोपी आहे, आणि तिची बीजं पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या जिवाणू संग्रहातून रीतसर मिळतात.

आता साखरेचा हिशेब. एका मास्कला साधारण वीतभर लांब-रुंद शीट लागते, म्हणजे 400 चौरस सेंटीमीटर धरा. जाडी एक मिलिमीटर धरली तर ओल्या शीटचं वजन 40 ग्रॅम होतं. त्यातलं 99 टक्के पाणी काढलं की उरतं 0.4 ग्रॅम सेल्युलोज. जिवाणूनं फारच उधळपट्टी केली आणि दिलेल्या साखरेतला दहावाच हिस्सा सेल्युलोजमध्ये उतरवला, असं मानलं तरी एका मास्कमागे चार ग्रॅम साखर जाते. दुकानातली 40-45 रुपये किलोची पांढरी साखर वापरली तरी हा खर्च 18 पैशांच्या वर जात नाही. मळी फुकट मिळाली असं समजू, तरी वाचणार ते हे 18 पैसे. खरा खर्च त्याच द्रवात दुसरीकडे आहे. हेस्ट्रिन आणि श्राम यांनी 1954 साली दिलेली कृती आजही प्रयोगशाळांत वापरतात. तीत लिटरमागे 20 ग्रॅम ग्लुकोज, पाच ग्रॅम पेप्टोन आणि पाच ग्रॅम यीस्ट अर्क असतो. हे दोन नत्राचे पदार्थ साखरेच्या कितीतरी पट महाग. नाता करणारे त्याऐवजी अमोनियम सल्फेट घालतात, काही उत्पादक मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं भिजवणीचं पाणी वापरतात. तेव्हा द्रवात पैसा वाचवायचाच असेल तर तो पेप्टोनला पर्याय शोधून वाचतो. मळीच्या मागे लागून फारसं हाती लागत नाही.

मळी स्वतःच अनेक गोष्टी बरोबर घेऊन येते. आपल्या बहुतेक कारखान्यांत रस गंधकाच्या धुरीनं स्वच्छ करतात, त्यामुळे मळीत गंधकाचे क्षार असतात. त्यात पोटॅश असतं, चुना असतो आणि मुख्य म्हणजे रंग असतो. साखर करपताना तयार होणारे ते तपकिरी रेणू या नॅनो जाळीत असे शिरतात की शीट पांढरी व्हायचं नाव घेत नाही. जिवाणूला मळी मानवावी म्हणून ती आम्लात तापवावी लागते, निवळावी लागते, कोळशातून गाळावी लागते, आणि प्रत्येक पायरीला पाणी, वाफ आणि गाळ आलाच. शिवाय मळी ही राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नजरेखालची वस्तू. तिची वाहतूक आणि साठवण परवान्याशिवाय होत नाही, आणि इथेनॉलमुळे तिला गिऱ्हाईक मिळण्याची पंचाईत राहिलेली नाही. लहान युनिटनं या भानगडीत का पडावं? स्वच्छ साखरेनं किंवा गुळानं काम सरळ होतं. चीजच्या प्लांटमधून निघणाऱ्या निवळीचंही तसंच. कागदावर ती छान दिसते, पण हा जिवाणू दुधातली साखर सहजी फोडू शकत नाही. आधी एन्झाइमनं ती फोडून द्यावी लागते. इंदापूरच्या डाळिंबांच्या रसाचा चोथा त्या मानानं बरा, पण त्यातही रंगाचा प्रश्न आहेच.

आता धुण्याकडे येतो. आठ-दहा दिवसांनी ट्रेमधून निघणारा थर पिवळट असतो, त्याला व्हिनेगरचा दर्प असतो आणि त्याच्या आत लाखो जिवंत आणि मेलेले जिवाणू, त्यांची प्रथिनं, उरलेली साखर आणि आम्लं अडकलेली असतात. ही शीट चेहऱ्यावर ठेवायची म्हणजे यातलं सगळं बाहेर काढायला हवं. त्यासाठी ती सौम्य कॉस्टिकमध्ये, लिटरला चार ग्रॅमच्या आसपास, 80 अंशांवर तापवतात. जिवाणू मरतात, प्रथिनं विरघळतात, पिवळेपणा जातो आणि शीट काचेसारखी पारदर्शक होऊ लागते. ही पायरी बघायला समाधानाची असते आणि नवखा माणूस काम झालं असं समजून इथंच थांबतो. पण खरं काम यानंतर सुरू होतं, कारण आता शीटमध्ये कॉस्टिक भरलेलं असतं. ते बाहेर येतं फक्त विसरणानं, म्हणजे रेणू आपल्या चालीनं सरकत सरकत पाण्यात उतरतात तेव्हा. या चालीचा नियम कडक आहे: जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. एक सेंटीमीटर जाडीच्या थराला दोन्ही बाजूंनी पाणी मिळालं तरी एका पाण्यात समतोल व्हायला सात-आठ तास जातात. दोन सेंटीमीटरच्या थराला तीस तासांच्या आसपास. एक मिलिमीटरची शीट मात्र काही मिनिटांत तेवढंच सोडते. म्हणून वरून पट्टी लावली की सात सामू दाखवणारा जाड थर मधून कापून पट्टी लावली तर नऊ-दहा दाखवतो. वरचं पाणी स्वच्छ झालं म्हणून आतलंही झालं असं धरून चालणारा माणूस पाकीट बंद करतो, आणि त्या पाकिटात आतलं कॉस्टिक बाहेर येऊन मास्क भिजवणाऱ्या सीरमचा सामू चढवतं. चेहऱ्याच्या त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो. हे नऊच्या सामूचं पाणी तिच्यावर वीस मिनिटं दाबून ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला त्वचारोगतज्ज्ञ नको.

यातून उत्पादनाची सगळी मांडणी ठरते. पातळ शीट थेट पिकवली तर धुणं झटपट होतं, पण ट्रे आणि मांडण्या भरपूर लागतात, जागा लागते. जाड थर पिकवून मग कापला तर जागा वाचते, पण कापायचं यंत्र लागतं आणि धुणं कापण्याआधी करायचं की नंतर हा निर्णय करावा लागतो. माझं स्पष्ट मत आधी कापून मग धुण्याच्या बाजूचं आहे. कच्चा थर कापताना कडा थोड्या वाया जातात हे खरं, पण पाणी आणि वेळ यांत जे वाचतं ते त्या कडांपेक्षा कितीतरी जास्त असतं. दुसरी एक गोष्ट कामात उतरल्याशिवाय लक्षात येत नाही: पाणी कठीण असेल तर त्यातला कॅल्शियम अल्कलीशी भेटून शीटच्या आतच पांढरट खडूसारखा बसतो. शीट धूसर होते, आणि ती धूसरता साध्या पाण्यानं कितीही धुतलं तरी जात नाही, सौम्य आम्लाचं एक पाणी द्यावं लागतं. इकडच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी पाहता, मऊ पाण्याची सोय केल्याशिवाय पहिली टाकीसुद्धा भरू नये. तिसरी गोष्ट, शीट एकदा पूर्ण वाळली की तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा भिजवली तरी ती पहिल्यासारखी फुगत नाही. म्हणून मास्कचा माल शेवटपर्यंत ओलाच ठेवावा लागतो. ओला माल म्हणजे वजन, ओला माल म्हणजे बुरशीची भीती. धुण्याची शिस्त जिथं सुटते तिथं पुढचं सगळं सुटतं.

इथं पहिला आणि सगळ्यात रास्त आक्षेप येतो तो पाण्याचा. ज्या तालुक्याच्या जिरायती गावांचे डोळे जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेच्या पाण्याकडे लागलेले असतात, तिथं चेहऱ्याच्या मास्कसाठी पाणी ओतायचं का? या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देणं मला पटत नाही. आकडे मांडू. 40 ग्रॅमची शीट दर वेळी तिच्या वजनाच्या पाचपट नव्या पाण्यात, अशी पाच वेळा धुतली तर एका मास्कमागे एक लिटर पाणी जातं; दिवसाला 10,000 मास्क म्हणजे 10,000 लिटर. पण धुण्याची रीत बदलली की हा आकडा बदलतो, आणि ती रीत या पट्ट्याला नवी नाही. साखर कारखान्यात उसाच्या चोथ्यावर पाणी मारतात ते शेवटच्या मिलवर; तिथला पातळ रस मागच्या मिलवर, तिथला त्याच्या मागच्या मिलवर, असा उलटा चालत येतो. त्याला इंबिबिशन म्हणतात, आणि माळेगाव-सोमेश्वरच्या मिल फोरमनला ते झोपेतही समजावून सांगता येईल. इथंही तसंच करायचं: शीट पाच टाक्यांतून पुढे जाते, पाणी पाचव्या टाकीतून मागे येतं. आदर्श हिशेबात जवळपास तितकीच सफाई पाचव्या हिश्श्याच्या पाण्यात होते, म्हणजे मास्कमागे 200 मिलिलिटर. त्यात मऊ पाण्याच्या यंत्राचं टाकाऊ पाणी आणि फरशी-भांडी धुण्याचं पाणी मिळवायला हवं, ते मी लपवत नाही. तरीही दिवसाचा खर्च हजारांत राहतो, लाखांत जात नाही.

पाणी किती लागतं, यापेक्षा ते सोडायचं कुठं हा प्रश्न मला जास्त छळतो. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि खारवट जमिनींचा त्रास इंग्रजी अमदानीपासून आहे. कॉस्टिक म्हणजे सोडियम, आणि सोडियमनं जमीन चोपण होते हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आम्लानं सामू सात केला तरी सोडियम पाण्यातच राहतो. कागदावर सांडपाणी नियमात बसतं आणि जमीन बिघडायची ती बिघडतेच. म्हणून पणदऱ्यात हे काम करायचं तर कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. शीट तेवढीच स्वच्छ होते. ते महाग पडतं हे खरं. पण ट्रेमध्ये उरलेला आंबट द्रव, ज्याचा सामू चारच्या खाली असतो, तोच या पाण्याला उदासीन करायला वापरता येतो, आणि उरतं ते पोटॅशयुक्त पाणी योग्य प्रमाणात पातळ करून उसाला देण्याजोगं असतं. कच्च्या मालाच्या जोरावर जागा निवडणाऱ्यानं ज्या जमिनीतून तो कच्चा माल आला तिला सोडियम पाजू नये.

दुसरा आक्षेप असा की ही चैनीची, एकदा वापरून फेकायची वस्तू. तिच्यासाठी एवढं डोकं का लावायचं? वस्तू चैनीची आहे, हे कबूल. तिचा उपयोग किती, हेही मोजून सांगायला हवं. थायलंडमध्ये थोड्या निरोगी स्वयंसेवकांवर केलेली आणि 2011 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. जिवाणू सेल्युलोजचा मास्क एकदाच, 25 मिनिटं लावला आणि त्याची तुलना ओल्या टॉवेलशी केली. मास्कखाली त्वचेचा ओलावा टॉवेलपेक्षा स्पष्ट जास्त वाढला. त्वचेच्या इतर गुणांवर ठळक परिणाम दिसला नाही. माझ्या मते ही चाचणी या धंद्याची खरी उंची दाखवते. ओली, लवचिक जाळी नाकाच्या बाजूला आणि हनुवटीखाली चिकटून बसते, पाणी उडू देत नाही, म्हणून वरची त्वचा काही काळ ओली राहते. गोरेपणा, सुरकुत्या, डाग यांच्या गोष्टी पाकिटावर छापणाऱ्यांना या चाचणीत आधार मिळत नाही. सौंदर्यप्रसाधनाला रोग बरा करण्याचा दावा करू न देणारा 1940 चा कायदा आणि त्याखालचे 2020 चे नियम पाळणं इथं व्यवहाराच्याही सोयीचं आहे, कारण खोटा दावा करणाऱ्याच्या मालाची तपासणी होते तेव्हा शीट पुरवणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. फेकण्याचं म्हणाल तर बाजारातले स्वस्त मास्क पुष्कळदा पॉलिस्टर मिसळलेल्या न विणलेल्या कापडाचे असतात. सेल्युलोज मातीत कुजतं. पाकीट मात्र दोन्हींचं तेच, अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या थरांचं, आणि ते कुजत नाही. पर्यावरणाचा झेंडा मिरवताना हे पाकीट विसरू नये.

मग जखमेची पट्टी का करू नये, असं याच ठिकाणी विचारलं जातं. भाजलेल्या त्वचेवर झाकण म्हणून हे सेल्युलोज ब्राझीलमध्ये ‘बायोफिल’ नावानं 1980 च्या दशकातच वापरात आलं. उपयोग थोर आहे, भावही चांगला मिळतो. पण हा जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह आहे. तो मेला तरी त्याच्या भिंतीतले लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू मागे राहतात, आणि उघड्या जखमेतून ते शरीरात गेले तर ताप आणि सूज आणतात. ते काढायला आणि ते गेल्याचं सिद्ध करायला लागणारी स्वच्छता, चाचण्या आणि वैद्यकीय उपकरणाचा परवाना हे सगळं पहिल्याच वर्षी पेलण्यासारखं नाही. अखंड त्वचेवर बसणारा मास्क त्या मानानं क्षमाशील आहे. सामू, रंग, जिवाणूंची संख्या आणि उरलेली राख ही चार मापं दर लॉटला घ्यायची सवय मास्कवर लागली तर त्याच टाक्या, तीच माणसं पुढे पट्टीपर्यंत जाऊ शकतात. ज्याला थेट पट्टीपासून सुरुवात करायची घाई आहे, त्याला धुण्याचा अंदाज आलेला नसतो.

शेवटचा आक्षेप स्पर्धेचा. तैवान, कोरिया, थायलंड या देशांत हा माल वर्षानुवर्षं होतो. आपण कुठं टिकणार? साखरेच्या भावावर नक्कीच टिकणार नाही, कारण 18 पैशांतून काय सूट देणार? पण ओली शीट जहाजानं आणायची म्हणजे 99 टक्के पाण्याचं भाडं भरायचं, आणि इथल्या मास्क भरणाऱ्याला वेगळी जाडी किंवा वेगळा आकार हवा असेल तर महिनोन्महिने थांबायचं. पणदऱ्याहून पुणे-मुंबईला गाडी त्याच दिवशी पोहोचते. हा फायदा टिकतो तो मात्र दर लॉट एकसारखा धुतलेला असेल तरच, आणि तिथं माणसं लागतात. बारामतीच्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बाहेर पडणारी मुलं-मुली आज हडपसर-भोसरीकडे नोकरीला जातात. त्यांना थर पिकवायला शिकवणं चार आठवड्यांचं काम आहे. कापलेल्या शीटचा मधला तुकडा घेऊन सामू बघणं, शेवटच्या पाण्याची विद्युतवाहकता नोंदवणं, मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ट्रेची खोली तिशीत ठेवणं, चिलटं आत येऊ न देणं आणि शंका आली की अख्खा लॉट पुन्हा पहिल्या टाकीत पाठवण्याची हिंमत ठेवणं, हे मुरायला वर्ष जातं. म्हणून कुणी पणदऱ्यात प्लॉट घेऊन पैसा घालायला निघालं तर माझं सांगणं एवढंच की पहिला खर्च मऊ पाण्याच्या यंत्रावर, दुसरा पाच टाक्यांच्या उलट्या धुण्यावर आणि तिसरा छोट्या चाचणी-खोलीवर करावा. ट्रे आणि साखर त्यानंतर आणली तरी चालते, ती दोन्ही बारामतीच्या बाजारात एका दुपारी मिळतात.